विश्लेषण : मांजराने ओरखडलं आणि काखेत गाठ आली, सुईने काढलेल्या पेशी नेमकं काय सांगतात?

मराठीत 'काखमांजरी' नावाचा एक जुना शब्द आहे. काखेत येणाऱ्या गळवाला किंवा गाठेला घरातली जुनी माणसं हा शब्द वापरायची. तसंच पायाला जखम झाली आणि जांघेत गाठ आली की 'अवधाण आलं' म्हणायचे. हे शब्द कुठल्याही गाठेसाठी होते, त्यात मांजराच्या रोगाचं निदान शोधायला जाऊ नका. पण योगायोग असा, की काखेत गाठ येण्याचं एक कारण खरोखरच मांजर असू शकतं.

या आजाराचं नाव 'कॅट स्क्रॅच डिसीज', म्हणजे मांजराच्या ओरखड्यातून होणारा आजार. तो बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. मग त्यावर एवढं बोलायचं कशाला? कारण या गाठेतून सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर जे चित्र दिसतं ते क्षयरोगाच्या गाठेशी बरंच मिळतंजुळतं असतं. आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तिथे 'ग्रॅन्युलोमा' हा शब्द रिपोर्टवर आला की पुढची दिशा जवळपास ठरलेली असते. सहा महिन्यांची औषधं.

म्हणूनच हे निदान कसं होतं, आणि सुई कुठवर खरं सांगू शकते, ते समजून घ्यायला हवं.

आधी आजार समजून घेऊ

या आजाराचा जंतू म्हणजे बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू. तो मांजराच्या रक्तात, थेट तांबड्या पेशींच्या आत राहतो. काही आठवडे, कधी कित्येक महिने. मांजर मात्र ठणठणीत दिसतं. मोठ्या मांजरांपेक्षा पिल्लांच्या रक्तात हा जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि पिल्लंच खेळता खेळता जास्त नखं मारतात, हेही आहेच.

एका मांजरातून दुसऱ्या मांजरात तो जातो पिसवांमुळे. पिसवेच्या विष्ठेत हा जंतू असतो. मांजर अंग खाजवतं, ती घाण नखांत अडकते, आणि त्याच नखांनी माणसाला ओरखडलं की जंतू कातडीच्या आत पोहोचतो. चावल्यामुळे किंवा उघड्या जखमेला मांजराने चाटल्यामुळेही संसर्ग होऊ शकतो. थोडक्यात, मांजर, पिसू आणि ओरखडा ही साखळी आहे. त्यातली पिसू बहुतेकांना माहीतच नसते.

ओरखडल्यावर साधारण ३ ते १० दिवसांत त्या जागी एक छोटी लालसर पुळी येते. डास चावल्यासारखी. ती कुणी लक्षातही ठेवत नाही. त्यानंतर, म्हणजे ओरखड्यापासून एक ते तीन आठवड्यांनी, त्या भागाच्या जवळची लसिकाग्रंथी सुजते. हातावर ओरखडा असेल तर काखेत किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यावर असेल तर मानेत किंवा जबड्याखाली, पायावर असेल तर जांघेत. काहींना बारीक ताप येतो, थकवा असतो. गाठ दुखते, कधी लाल होते, आणि साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत तिच्यात पू होतो.

इथेच पहिली अडचण येते. गाठ घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो तोवर ओरखडा बरा होऊन गेलेला असतो. मांजराचा आणि काखेतल्या गाठेचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. डॉक्टरही विचारतील असं नाही.

सुईची तपासणी म्हणजे काय?

गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, मोठी होत गेली किंवा पू झाल्यासारखी वाटली, की डॉक्टर 'एफएनएसी' करायला सांगतात. बारीक सुईने गाठेतल्या पेशी ओढून घेऊन तपासायच्या, एवढाच त्याचा अर्थ. सुई साधारण २२ ते २५ गेजची असते. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हा हिशेब पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो.) म्हणजे रक्त काढायच्या सुईइतकी किंवा तिच्याहून बारीक. भूल सहसा लागत नाही, टाका पडत नाही, काही मिनिटांत काम होतं.

सुईतून आलेला थेंब काचपट्टीवर पसरवतात. काही काचपट्ट्या हवेत वाळवून गिम्सासारख्या रंगाने रंगवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप पद्धतीने. वाळवलेल्या पट्टीवर पेशींचा आकार आणि पेशीद्रव चांगलं दिसतं, अल्कोहोलमधल्या पट्टीवर केंद्रकाचे बारकावे.

या आजारात सुईचा आणखी एक फायदा आहे. गाठेत पू भरला असेल तर तो सुईने ओढून घेता येतो आणि दुखणं लगेच कमी होतं. चाकूने चीर देऊन पू काढायचं मात्र टाळतात, कारण तिथे वाहती जखम राहून ती महिनोन् महिने न भरण्याचा धोका असतो. गळू दिसलं की फोडून टाकायचं, ही आपल्याकडची सवय इथे महागात पडू शकते.

काचपट्टीवर काय दिसतं?

लसिकाग्रंथी म्हणजे शरीराची चौकी. जंतू तिथे अडकतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात. बार्टोनेलाच्या बाबतीत ही झुंज साधारण तीन टप्प्यांत होते आणि सुई कोणत्या टप्प्यात टोचली यावर रिपोर्ट ठरतो.

अगदी सुरुवातीला ग्रंथीत लहान-मोठ्या सगळ्या प्रकारच्या लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या असतात. रिपोर्ट येतो 'रिॲक्टिव्ह हायपरप्लेशिया', म्हणजे ग्रंथी कशाला तरी प्रतिसाद देत आहे. कशाला, ते कळत नाही. घशाच्या साध्या संसर्गातही हेच दिसतं.

मधल्या टप्प्यात ग्रॅन्युलोमा तयार होतात. जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी आपला आकार बदलून लांबट होतात, त्यांची केंद्रकं चपलेच्या तळव्यासारखी किंवा केळ्यासारखी वाकडी दिसतात. अशा पेशी एकमेकींना चिकटून पुंजके करतात. यांना एपिथेलिऑइड पेशी म्हणतात आणि त्यांच्या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा. जंतू लवकर मरत नसेल तर शरीर त्याच्याभोवती जे कुंपण घालतं, ते हे.

तिसऱ्या टप्प्यात या कुंपणाच्या आत पू होतो. न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची गर्दी होते, मध्ये पेशी मरून पडतात आणि त्यांच्याभोवती एपिथेलिऑइड पेशी काटेरी कुंपणासारख्या रांगेत उभ्या राहतात. अख्खी ग्रंथी कापून पाहिली तर हे पुवाचे भाग चांदणीच्या आकाराचे दिसतात. वैद्यकीय पुस्तकांतली या आजाराची खूण तीच, 'चांदणीसारखा सूक्ष्म पू'. पॅथॉलॉजीच्या परीक्षेत हमखास विचारतात म्हणे.

पण सुईच्या तपासणीत ही चांदणी दिसतच नाही. बायोप्सीत ग्रंथीचा तुकडा जसाच्या तसा येतो, त्यामुळे कोण कुणाच्या शेजारी आहे ते कळतं. सुईत पेशी सुट्या होऊन येतात. वाड्याचा नकाशा पाहणं आणि वाड्यातली माणसं बाहेर अंगणात आणून उभी करणं, एवढा हा फरक. माणसं ओळखता येतात, पण कोण कुठल्या खोलीत होतं ते सांगता येत नाही. त्यामुळे एफएनएसी पाहणारा पॅथॉलॉजिस्ट फार तर एवढं म्हणू शकतो : एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके आहेत, त्यांच्यात आणि आजूबाजूला भरपूर न्यूट्रोफिल आहेत, बाकी मिश्र लिम्फोसाइट. याला रिपोर्टवर 'सप्युरेटिव्ह ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस' असं लांबलचक नाव मिळतं. मराठीत सांगायचं तर 'पू असलेला ग्रॅन्युलोमा'.

या ओळीत मांजराचं नाव कुठेच नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पेशी फक्त एवढंच सांगतात, की शरीर एका चिवट जंतूशी अशा अशा पद्धतीने लढतंय. तो जंतू कोण, हे बाहेरून शोधावं लागतं.

मग क्षयरोग कसा वेगळा ओळखायचा?

आपल्याकडे फुप्फुसाबाहेरचा क्षय सर्वांत जास्त आढळतो त्या जागांपैकी एक म्हणजे लसिकाग्रंथी, विशेषतः मानेतल्या. गंडमाळ हा शब्द त्यासाठीच आहे. तिथेही एपिथेलिऑइड पेशी आणि ग्रॅन्युलोमा असतात. सोबत अनेक केंद्रकं असलेल्या मोठाल्या लँगहान्स पेशी आणि कणीदार, चिकट, पनीरसारखा दिसणारा मृत भाग. न्यूट्रोफिल सहसा कमी.

पुस्तकात हा फरक सरळ आहे. क्षयात पनीर, मांजरात पू. प्रत्यक्षात मात्र गोंधळ होतो. क्षयाच्या गाठेत दुसऱ्या जंतूचा संसर्ग झाला, किंवा रुग्णाला एचआयव्ही असेल, तर तिथेही न्यूट्रोफिलची गर्दी दिसते. उलट मांजराच्या आजारात मधल्या टप्प्यात सुई टोचली तर पू नसलेले नुसते ग्रॅन्युलोमा हाती येतात, जे थेट क्षयासारखे दिसतात.

म्हणून ग्रॅन्युलोमा दिसला की क्षयाच्या जंतूसाठी वेगळा रंग देऊन पाहणं आपल्याकडे आवश्यकच मानलं जातं. झील-नील्सन पद्धतीत क्षयाचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. पण ते दिसायला नमुन्यात पुरेसे जंतू लागतात, एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार. गाठेत अनेकदा तेवढे नसतात. त्यामुळे 'लाल काड्या दिसल्या नाहीत' याचा अर्थ 'क्षय नाही' असा होत नाही. त्याच सुईतल्या नमुन्याची सीबीनॅट ही जनुकीय तपासणी करता येते, तिचं उत्तर काही तासांत मिळतं आणि औषधाला दाद न देणारा क्षय आहे का, हेही कळतं. कल्चरला काही आठवडे लागतात.

गाठेतला पू साध्या कल्चरला लावला आणि त्यात काहीच वाढलं नाही, तर डॉक्टर कान टवकारतात. नेहमीच्या गळवात स्टॅफिलोकोकससारखे जंतू दोन दिवसांत वाढतात. बार्टोनेला वाढत नाही, आणि क्षयाचा जंतूही नाही. त्यामुळे 'पू आहे पण जंतू नाही' हे दोघांच्याही बाजूने जातं.

तान्ह्या बाळांच्या डाव्या काखेतल्या गाठेचा वेगळाच मामला असतो. आपल्याकडे बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात आणि क्वचित त्या लशीमुळेच काखेतली ग्रंथी सुजून पू होतो. घरात मांजर असलं तरी अशा वेळी आधी लशीची तारीख पाहायची.

चंदेरी रंग आणि चुकलेलं नाव

या आजाराचा जंतू शोधायला इतका वेळ लागला, की ती कथा आजच्या निदानाची अडचण बरोबर समजावते. डोळा लाल होऊन कानापुढची ग्रंथी सुजण्याचा प्रकार फ्रान्समध्ये आंरी पारिनो यांनी १८८९ मध्येच लिहून ठेवला होता. तो याच आजाराचा एक प्रकार, हे पुढे कळलं. १९५० मध्ये पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी मांजराचा ओरखडा आणि गाठ यांचा संबंध स्पष्ट मांडला. पण जंतू सापडेना.

तोवर निदानासाठी एक विचित्र चाचणी वापरत. जुन्या रुग्णांच्या गाठेतला पू घ्यायचा, तो तापवून जंतूविरहित करायचा आणि नव्या रुग्णाच्या कातडीत टोचायचा. तिथे फोड आला तर आजार पक्का. माणसाच्या पुवातून दुसरे आजार पसरण्याची भीती असल्याने ही चाचणी पुढे बंद पडली. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण कित्येक वर्षं हाच आधार होता. डॉक्टर चार गोष्टींचा मेळ घालत : मांजराशी संपर्क आणि ओरखड्याची खूण, ही कातडीची चाचणी, इतर आजार नसल्याची खात्री आणि ग्रंथीतलं ठरावीक चित्र. चारपैकी तीन जुळले की निदान.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलाच्या पॅथॉलॉजी संस्थेतल्या संशोधकांनी वॉर्थिन-स्टारी हा चांदीच्या क्षाराचा रंग वापरला. तो मुळात सिफिलिसचा जंतू दाखवण्यासाठी बनवलेला. ३९ पैकी ३४ रुग्णांच्या ग्रंथींत त्यांना बारीक काळ्या काड्या दिसल्या. जंतू पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. नंतर त्याच संस्थेत एक जिवाणू वाढवण्यात यश आलं आणि १९९१ मध्ये संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं गेलं, 'अफिपिया फेलिस'.

आणि ते चुकलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी या आजाराच्या संशयित रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ४१ पैकी ३६ जणांच्या रक्तात एका वेगळ्याच जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. हा जिवाणू त्या काळात एड्सच्या रुग्णांच्या रक्तात नुकताच ओळखला गेला होता. ओक्लाहोमातल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ डायान हेन्सेल यांच्यावरून त्याला 'हेन्सेली' हे नाव मिळालं. १९९३ मध्ये त्याची रवानगी बार्टोनेला कुळात झाली. संस्थेच्या नावाचा जंतू मागे पडला आणि प्रयोगशाळेत काचेच्या बशा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव टिकलं.

चंदेरी रंग आजही वापरतात, पण तो लहरी आहे. त्यात काचपट्टीवर इतरही काळे ठिपके उमटतात आणि नवख्या डोळ्याला प्रत्येक ठिपका जंतू वाटू शकतो. शिवाय जंतू जास्त दिसतात ते आजाराच्या सुरुवातीला. ग्रॅन्युलोमा पक्के होईपर्यंत ते विरळ झालेले असतात. म्हणजे जेव्हा पेशींचं चित्र ठळक असतं तेव्हा जंतू दिसत नाही, आणि जंतू भरपूर असतात तेव्हा पेशी काहीच खास सांगत नाहीत. सुईच्या थेंबभर नमुन्यावर तर हा खेळ आणखी अवघड.

रक्ततपासणी आणि पीसीआर

म्हणून आज भर दोन गोष्टींवर असतो. पहिली रक्तातली प्रतिपिंडं. रक्त विरळ करत करत कुठवर प्रतिपिंडं सापडतात ते पाहतात. २५६ पटींहून जास्त विरळ केल्यावरही सापडली तर नुकताच संसर्ग झाल्याची शक्यता जास्त. ६४ ते २५६ पटींच्या मध्ये असेल तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासायचं. अडचण अशी, की वर्षानुवर्षं मांजरं पाळणाऱ्यांच्या रक्तात आजार नसतानाही प्रतिपिंडं असू शकतात, आणि काही दुसऱ्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडंही या चाचणीत गोंधळ घालतात.

दुसरी पीसीआर. सुईने काढलेल्या त्याच नमुन्यात जंतूचं डीएनए शोधायचं. उत्तर 'आहे' आलं तर ते जवळपास पक्कं. 'नाही' आलं तर मात्र शंका उरते, कारण गाठ जुनी होत जाते तसं जंतूचं डीएनए हाती लागण्याची शक्यता घटते. जंतू वाढवून पाहणं हा पर्याय कागदावर आहे, पण त्याला तीन आठवडे आणि त्याहून जास्त लागतात आणि गाठेच्या नमुन्यातून तो क्वचितच वाढतो.

भारतात या चाचण्या मोजक्या प्रयोगशाळांतच होतात. आपल्याकडून या आजाराच्या तुरळक रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत असतात, त्यात डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आल्याचेही रुग्ण आहेत. पण जो शोधलाच जात नाही तो आजार कमीच दिसणार, हेही तितकंच खरं.

नमुना कसा वाटला जातो, याला म्हणूनच महत्त्व आहे. सगळा थेंब काचपट्टीवर पसरवून रंगवला की कल्चर आणि पीसीआरला काही उरत नाही, मग पुन्हा सुई. आधीपासून संशय असेल तर थोडा भाग क्षयाच्या तपासणीला, थोडा जंतूंच्या कल्चरला आणि थोडा पीसीआरला राखून ठेवता येतो. हा संशय येण्यासाठी कुणीतरी मांजराचा उल्लेख केलेला असावा लागतो. सुई टोचण्याआधी.

'औषधाने गाठ गेली' हा पुरावा नाही

आता मुद्दा येतो खऱ्या धोक्याचा. समजा, मांजराच्या आजाराची गाठ आहे, काचपट्टीवर ग्रॅन्युलोमा दिसला, क्षयाचा जंतू कुठल्याच तपासणीत सापडला नाही आणि तरी 'आपल्याकडे क्षयच असणार' म्हणून सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले. दोन महिन्यांत गाठ विरली. सगळ्यांना वाटलं, निदान बरोबर होतं.

पण मांजराची गाठ दोन ते चार महिन्यांत औषधाशिवायही विरते. शिवाय क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन बार्टोनेलावरही चालतं. म्हणजे चुकीच्या निदानाला बरोबर असल्यासारखा प्रतिसाद मिळाला. चूक कधीच उघडी पडली नाही. दरम्यान रुग्णाने यकृतावर ताण आणणारी औषधं सहा महिने घेतली, घरच्यांच्या तपासण्या झाल्या, आणि लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर 'टीबी झाला होता' हे वाक्य कुठवर पाठलाग करतं ते वेगळं सांगायला नको.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. घरात मांजर आहे म्हणून क्षयाची गाठ 'ओरखड्याची' ठरवून सोडून दिली तर क्षय वाढत राहतो. मांजर पाळणाऱ्याला क्षय होत नाही असं थोडंच आहे! तसंच खात्री न करता लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं दिली, तर ती क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि निदान आणखी लांबतं.

तिसरी शक्यता सर्वांत त्रासदायक. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगातही गाठेत ग्रॅन्युलोमा आणि न्यूट्रोफिल दिसू शकतात. त्यातल्या ठरावीक रीड-स्टर्नबर्ग पेशी संख्येने इतक्या कमी असतात, की सुईत त्या येतीलच असं नाही. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट पूवाल्या ग्रॅन्युलोमाच्या काचपट्ट्याही त्या पेशींसाठी पुन्हा पुन्हा चाळतात. गाठ न दुखणारी, कडक आणि वाढतच जाणारी असेल, वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील, किंवा काही आठवडे वाट पाहूनही गाठ हटत नसेल, तर सुईवर न थांबता अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी करतात. सुईचा रिपोर्ट 'कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत' म्हणतो, 'कर्करोग नाही' असं म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपमध्ये रिपोर्टचा फोटो फिरतो तेव्हा या दोन वाक्यांतला फरक हमखास गळून पडतो.

निदान झालं, पुढे काय?

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाला अनेकदा काहीच औषध लागत नाही. गाठ मोठी असेल तर अझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स देतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत हे औषध घेतलेल्या १४ पैकी ७ जणांची गाठ महिनाभरात ८० टक्क्यांनी आकसली, औषध न घेतलेल्या १५ पैकी फक्त एकाची. नंतर मात्र दोन्ही गट सारखेच बरे झाले. म्हणजे औषधाने वेळ वाचतो, एवढंच. ते मनाने मात्र घेऊ नये, कारण निदानाआधी घेतलेली प्रतिजैविकं पुढच्या तपासण्यांचा घोळ करतात.

एचआयव्ही असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा केमोथेरपी घेणारे रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात हाच जंतू कातडीवर रक्तवाहिन्यांचे लालभडक फुगवटे तयार करू शकतो, यकृत आणि प्लीहेपर्यंत जाऊ शकतो. हृदयाच्या झडपा आधीच खराब असतील तर तिथेही बसतो. अशा रुग्णांत उपचार टाळता येत नाहीत. त्यांनी मांजर पाळायचंच असेल तर पिल्लाऐवजी एक वर्षाहून मोठं घ्यावं, असा सल्ला अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र देतं.

गाठ घेऊन डॉक्टरांकडे जाताना मांजराचा विषय स्वतःहून काढा. घरात मांजर आहे का, नवं पिल्लू आणलंय का, सोसायटीतल्या भटक्या मांजरांना खायला घालता का, गेल्या दोन महिन्यांत कुठे ओरखडा किंवा पुळी आली होती का. हातावरची जुनी खूण दाखवा. फोनमध्ये मांजरासोबतचे फोटो असतातच, त्यांत तारखाही असतात, आणि कधी कधी ओरखडाही दिसतो. क्षयाच्या रुग्णाशी संपर्क, बाहेरगावचा प्रवास, आधी घेतलेली औषधं हेही सांगा. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'क्लिनिकल हिस्ट्री'चा एक रकाना असतो. तो बऱ्याचदा रिकामाच जातो किंवा त्यात 'काखेत गाठ' एवढेच दोन शब्द असतात. काचपट्टीसमोर बसलेल्या पॅथॉलॉजिस्टला तुम्ही दिसत नसता, मांजरही दिसत नसतं. 'घरी पिल्लू, तीन आठवड्यांपूर्वी उजव्या मनगटावर ओरखडा' एवढी एक ओळ त्या रकान्यात लिहून घ्या.

आणि मांजराचं काय? त्याला घराबाहेर काढायची अजिबात गरज नाही. निरोगी मांजराचं रक्त तपासून आणण्यातही फारसा अर्थ नाही. ओरखडा पडला तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने लगेच धुवा, उघड्या जखमेला चाटू देऊ नका, नखं वेळच्या वेळी कापा. पिसवांसाठी पशुवैद्यांना विचारून मांजराचं औषध वर्षभर सुरू ठेवा. कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मात्र मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.